इथली थाप खरी असते

बडोदेकरांना आखाडा नवा नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिराचं नाव ऐकतच आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. पण कुस्तीत पाठ टेकली की चितपट, आणि ब्राझिलियन जिऊ-जित्सूत खरी लढत तिथूनच सुरू होते! उताणं पडून, पायांनी समोरच्याला अडवून लढण्याच्या पवित्र्याला 'गार्ड' म्हणतात. जपानी जुदोपटू मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलमध्ये पोहोचला. पुढे ग्रेसी भावंडांनी त्याच्या विद्येतल्या जमिनीवरच्या डावांवर भर दिला आणि हा खेळ घडला.

गेले सहा महिने मी आणि माझी आठ वर्षांची लेक आठवड्यातून दोनदा क्लासला जातो. दिवसभर लॅपटॉपपुढे बसून आखडलेली माझी पाठ आता बरीच मोकळी झाली आहे. पण खरी शिकवण वेगळीच. हात पिळला गेला किंवा मान आवळली गेली की समोरच्याच्या अंगावर दोनदा थापटायचं. त्याने त्या क्षणी सोडायचं. मराठीत थाप मारणं म्हणजे खोटं बोलणं. इथली थाप मात्र अगदी खरी!

लेकीला सुरुवातीला ते हरणं वाटे. डोळ्यांत पाणी यायचं, पण ती थापटायची नाही. सर म्हणाले, "बाळा, थापटलंस तर लगेच पुन्हा खेळशील. नाही थापटलंस तर महिनाभर हात गळ्यात." आता ती थापटते, हसते आणि पुन्हा भिडते. शिवाय दुसऱ्याने 'पुरे' म्हटलं की थांबायचं, हेही तिच्या अंगवळणी पडलंय. मला हे पट्ट्यापेक्षा मोलाचं वाटतं.

पट्ट्यांची घाई करू नका. आयबीजेजेएफ या संघटनेच्या नियमांनुसार मुलांना पांढऱ्यानंतर करडा, पिवळा, नारिंगी आणि हिरवा पट्टा मिळतो. निळा सोळाव्या वर्षापासून.

क्लास निवडताना आधी एक तास नुसतं बसून पाहा. थापटल्याबरोबर सोडतात का? जोड्या वजन-वय पाहून लावतात का? मॅट रोज पुसतात का? नाहीतर गजकर्ण घरी आलंच म्हणून समजा. नखं कापलेली हवीत, अंगठी-कानातलं घरी ठेवायचं. चाळिशी जवळ आली असेल किंवा मणक्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि मुलांना नुसतं सोडून परत फिरू नका. मोठ्यांची बॅच असेल तर तुम्हीही मॅटवर उतरा. आईबाबाही थापटतात, हे मुलांना दिसू द्या.