स्टेअरिंग पोराच्या हाती, ओळख दलालाच्या हाती



दोन-चार एकरांवर घर चालत नाही म्हणून घरातला धाकटा ट्रकवर जातो, यात आता कुणालाच नवल वाटत नाही. कांद्याच्या पट्ट्यातली, केळीच्या पट्ट्यातली, दुष्काळी टापूतली पोरे हेवी लायसन काढून बसली आहेत. लायसन मिळते, भाडे मिळत नाही. कारण भाडे ओळखीवर मिळते. मग गावातले शहाणे सल्ला देतात, "एखादा ट्रान्सपोर्टवाला धर आणि त्याच्या मर्जीत राहा."

हा सल्ला आम्ही पूर्वी कुठे तरी ऐकला आहे. शेतकऱ्यालाही असेच सांगितले जात होते, "एखादा आडत्या धर आणि त्याच्या मर्जीत राहा." त्या मर्जीत राहून शेतकऱ्याची पट्टी किती फुगली, हे या पानाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. बापाने आडत्याच्या ओट्यावर जे भोगले, तेच पोराने ट्रान्सपोर्टच्या बाकड्यावर भोगावे, असे सांगणाऱ्यांना आमचा विरोध आहे.

नव्या ड्रायव्हरने ओळखी वाढवल्याच पाहिजेत. पण चार ठिकाणी असते ती ओळख. एकाच खुंट्याला बांधले, तर त्याला दावे म्हणतात.

उस्ताद गेला, त्याच्या जागी कोण आले?

पूर्वी पोरगा आधी किन्नर म्हणून गाडीवर चढायचा. ताडपत्री ओढायची, रस्से आवळायचे, चाके ठोकून बघायची, उस्तादाच्या शिव्या खायच्या. त्या रीतीचे गोडवे आम्ही गात नाही. त्यात मारही होता आणि फुकटची राबणूकही होती. पण दोन-तीन वर्षांत त्याला मार्ग पाठ व्हायचा. कोणत्या ढाब्यावर गाडी लावून निर्धास्त झोपता येते, कोणता मिस्त्री नको ते सामान बदलायला लावतो, कोणता व्यापारी माल उतरल्यावर हुज्जत घालतो, हे त्याला उस्तादाच्या शेजारी बसून कळायचे. उस्तादाच्या ओळखी हळूहळू त्याच्या व्हायच्या.

आज खर्च वाचवायला मालक किन्नरच ठेवत नाही. अनेक गाड्या एकट्या ड्रायव्हरवर धावतात. कायदा एवढेच बघतो, की हलक्या वाहनाचे लायसन वर्षभर जुने झाले का. आठवी पासची अटही २०१९ साली काढून टाकली. अट गेली ते बरेच झाले. गाडी हाकायला प्रमाणपत्र कशाला? पण परीक्षेत गाडी मागे घेऊन दाखवली, की पोरगा ड्रायव्हर झाला असे सरकार मानते. बिल्टी कशी वाचायची, काट्यावर कुठे उभे राहायचे, परतीचे भाडे कुणाकडे मागायचे, हे त्याला कोणीच शिकवत नाही. तो बाजारात एकटा उतरतो, आणि एकट्याला गाठणे दलालाला सोपे जाते.

एकट्याचा हिशेब

भाड्याचा पैसा कसा झिरपतो ते बघा. माल पाठवणारा एक रक्कम देतो. त्यातून ट्रान्सपोर्ट ऑफिस आपले कमिशन काढते. उरलेल्यातून मालक डिझेल, टोल, टायर आणि बँकेचा हप्ता भागवतो. वाटेतली चिरीमिरी वेगळीच. सगळ्यांचे भागल्यावर तळाशी जे राहते, त्यात ड्रायव्हरचा पगार आणि भत्ता. कपात मात्र तळापासून सुरू होते. कांद्याचे वजन वाटेत घटते, हे कांदा पिकवणाऱ्या पोराटोराला माहीत आहे. उतरवताना ती घट 'शॉर्टेज' म्हणून भाड्यातून कापली जाते आणि मालक ती ड्रायव्हरच्या नावावर टाकतो. भरताना काट्यावर ड्रायव्हर उभा नव्हता, काटापावती त्याच्या खिशात नव्हती. तो भांडणार कशाच्या जोरावर?

दुसरा फास उचलीचा. घरात लग्न निघाले, आजारपण निघाले, की मालक उचल देतो. देताना तो देवमाणूस वाटतो. पुढे ती उचल फिटत नाही, आणि फिटेपर्यंत दुसऱ्या गाडीवर जाता येत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराला मुकादमाची उचल दर हंगामाला कशी फडावर ओढून नेते, ते आपण पिढ्यान् पिढ्या बघतो आहोत. ट्रकच्या केबिनमध्ये बसला म्हणून त्या उचलीचा गुण बदलत नाही.

तिसरा फास वेळेचा. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ सालचा, तो २०२५ पर्यंत होता. दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम, असे तो सांगत होता. लांबच्या मार्गावर परवानगीने १० तास. पण पाचांपेक्षा कमी कामगार असलेल्या धंद्याला तो मुळात लागूच नव्हता, आणि एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे पाच कामगार असणार कुठून? लासलगावहून दिल्ली बाराशे किलोमीटरच्या पुढे आहे. ताशी सरासरी ४० धरली, तर ८ तासांत ३२० किलोमीटर होतात. म्हणजे चार दिवसांचा रस्ता. एजंट म्हणतो, "परवा सकाळी आझादपूरला गाडी लागली पाहिजे." एकटा पोरगा नाही म्हणू शकत नाही. मग तो जागतो, आणि कुठल्या तरी घाटात त्याचा डोळा लागतो. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येते, 'ड्रायव्हरचा ताबा सुटला.' ताबा त्याच्या हाती होता कधी?

हमालाने केले ते ड्रायव्हरला का जमत नाही?

ज्या मार्केटात हा पोरगा गाडी लावतो, तिथेच पाठीवर पोते वाहणारा हमाल त्याला भेटतो. एके काळी हमालालाही कुणी विचारत नव्हते. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या माथाड्यांना एकत्र आणले, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्य निर्वाह निधी या गोष्टी हमालाच्या पदरात पडल्या. त्या व्यवस्थेत पुढे खोट शिरली असेल, वाराईवरून ड्रायव्हर आणि हमाल हमरीतुमरीवर येत असतील. ते भांडण वेगळे. पण ती माणसे एका टोळीत काम करत होती, एकमेकांना नावाने ओळखत होती, म्हणून एकत्र आली. ड्रायव्हर रोज वेगळ्या गावी झोपतो. त्याची टोळी आपोआप बनत नाही, मुद्दाम बनवावी लागते.

ती बनू शकते, हे जानेवारी २०२४ मध्ये दिसले. जीवघेणा अपघात करून, पोलिसांना न कळवता पळणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कैद, असे कलम नव्या न्यायसंहितेत होते. १ आणि २ जानेवारीला ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. २ तारखेच्या रात्री सरकारला सांगावे लागले, की चर्चेशिवाय हे कलम लागू करणार नाही. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवले गेले. पण सरकारने बोलणी कुणाशी केली? ऑल इंडिया मोटर ट्रान्स्पोर्ट काँग्रेसशी, म्हणजे वाहतूकदारांच्या संघटनेशी. चाके थांबवली ड्रायव्हरने, खुर्चीवर बसला मालक. ओळखी रस्त्यावरच राहिल्या, त्यांची संघटना झाली नाही, की असेच होते.

मग नव्या पोराने काय करावे?

पहिली ओळख आपल्याच मार्गावरच्या ड्रायव्हरशी करावी. बंद पडलेली गाडी दिसली तर थांबावे. जॅक द्यावा, पाना द्यावा, निदान मिस्त्रीला निरोप द्यावा. आज दिलेला पाना उद्या भाड्याची खबर होऊन परत येतो.

दुसरी ओळख दोन्ही टोकांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांशी, आणि एका टोकाला एकाशी नव्हे, तीन-चारांशी. परतीचे भाडे एकाच माणसाच्या हातात असेल, तर तो म्हणेल त्या दराने गाडी भरावी लागते. मिस्त्री, टायरवाला, हमालांचा टोळीप्रमुख, शेतमाल भरणारा शेतकरी यांची नावे आणि नंबर वहीत लिहून ठेवावेत. मोबाईल हरवतो, वही राहते. त्याच वहीत प्रत्येक ट्रिपचे वजन, भाडे, उचल, कपात आणि माल पोचल्याची तारीख लिहावी. मोबाईलवर भाडे दाखवणारेही आता आहेत. त्यांचा उपयोग जरूर करावा. पण भाडे देण्याआधी पैसे मागणाऱ्या अनोळखी फोनला उत्तर देऊ नये.

ओळख दारूच्या बाटलीने पक्की होत नाही, शब्दाने होते. गाडीला उशीर होणार असेल तर आधी फोन करावा. एकाला कबूल केलेली गाडी पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून दुसऱ्याच्या दारात लावू नये. असा ड्रायव्हर बाजारात लपून राहत नाही.

कुणी म्हणेल, "असा ताठ राहिला तर एजंट भाडेच देणार नाही." मंदीत नाही देणार. पण हंगामात माल पडून राहतो आणि गाडी मिळत नाही, तेव्हा तोच एजंट फोन करतो. शब्दाचा पक्का म्हणून नाव हंगामात करावे, म्हणजे मंदीत ते उपयोगी पडते.

बागायतदारांनाही एक सांगणे आहे. तुमचा माल बाराशे किलोमीटर नेणाऱ्याला 'ए ड्रायव्हर' म्हणून हाक मारू नका. त्याला नाव विचारा, भरताना काट्यावर शेजारी उभा करा, पावतीची एक प्रत त्याच्या हाती द्या. कांद्याला बाजारात काय भाव फुटला, माल कुठे अडला, हे आडत्याच्या आधी सांगू शकणारा माणूस तोच आहे. बऱ्याचदा तो शेतकऱ्याचाच पोरगा असतो.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्याकडच्या ड्रायव्हर पोरांची यादी आणावी: नाव, मार्ग, कोणती गाडी आणि फोन. त्यांच्यासाठी वेगळी बैठक ठेवू. मार्गवार याद्या तिथेच नकलून प्रत्येकाच्या हाती देऊ, आणि उचल, वजनकपात व कामाचे तास या तीन गोष्टींवर त्यांनीच ठराव मांडावेत. पोरांनी बरोबर वही आणावी.