उतरंड नव्हे, परस्परावलंबन

मेडनहेडजवळ थेम्सपासून फुटणारी जुबिली नदी हा वस्तुतः पुराचे पाणी वळविण्यासाठी खोदलेला, २००२ मध्ये पूर्ण झालेला प्रवाह. तेथील पाणवनस्पती सूर्याची ऊर्जा साठवितात. ती कीटकांत, माशांत आणि शेवटी राखी बगळ्यात जाते. प्रत्येक टप्प्यावर साधारण दहावा हिस्साच पुढे पोहोचतो. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. पदार्थ मात्र फिरत राहतो. मेलेले पान, मेलेला पक्षी जिवाणू व बुरशी कुजवितात आणि त्याच मातीतून नवा अंकुर फुटतो.

शाळेत हे पिरॅमिड काढून शिकवितात. आपल्या मुलांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, ती आकृती ऊर्जेची आहे, प्रतिष्ठेची नव्हे. वर ऊर्जा थोडी पोहोचते म्हणून बगळे थोडे. ते श्रेष्ठ म्हणून नव्हेत. मेलेली ढोरे ओढण्याचे काम आमच्या पूर्वजांवर जन्माने लादले गेले, तो निसर्गनियम नव्हता. ती माणसाने रचलेली उतरंड होती. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले, ते ही उतरंड नाकारण्यासाठीच. निसर्गात दिसतो तो प्रतीत्यसमुत्पाद. तेथे बुरशीवाचून बगळाही नाही.