हिऱ्यातला डाग

हिरा घेताना माणूस आधी काय पाहतो? डाग! वराहमिहिराने बृहत्संहितेत हिऱ्याचे दोष मोजले आहेत; त्यांत कावळ्याचा पाय आहे, माशी आहे, केससुद्धा आहे. मराठीच्या मास्तराला या यादीची मौज वाटते. पण आजच्या शास्त्रज्ञांचा ज्या डागावर डोळा आहे, तो सराफाच्या भिंगालाही दिसायचा नाही.

हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची शिस्तीत बसलेली पंगत. तीत एका पानावर नायट्रोजन येऊन बसला आणि शेजारचे पान रिकामेच राहिले, की झाला तो डाग! त्यावर हिरवा प्रकाश टाकावा, तो तांबडा परत देतो. आणि देतो तोही एका वेळी एकच कण. साध्या दिव्यातून प्रकाशकण पसापसा सांडतात. हा डाग मात्र महिनाअखेरच्या गृहिणीसारखा: एक कण दिला की नवी ऊर्जा हाती आल्यावाचून दुसरा सोडणार नाही. म्यूनिकच्या शास्त्रज्ञांनी २००० साली हे दाखवून दिले.

एवढ्या काटकसरीचा उपयोग गुप्त निरोपासाठी. एकाच कणावर लिहिलेल्या अक्षरातले चिमूटभर चोराला काढून घेता येत नाही, आणि त्याने डोकावले तर खुणा उरतात. अडचणी आहेतच. या प्रकाशातला जेमतेम तीन टक्के भाग नेमक्या एका रंगाचा असतो, आणि तांबडा प्रकाश काचेच्या तारेतून फार लांब टिकत नाही. मुंबईच्या आयआयटीत याच डागाने अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्रे मोजण्याचे काम चालते. केंद्र सरकारने २०२३ साली सहा हजार कोटींची क्वांटम मोहीम मंजूर केली, तिचे मोजमापाचे केंद्रही तिथेच आहे.

आमच्या नंदुरबारहून सुरत रेल्वेने काही तासांवर. माझा एक जुना विद्यार्थी तिथे घंटीवर, म्हणजे हिरे घासण्याच्या चाकावर, बसतो. हे सारे ऐकून त्याचे डोळे चमकले. "सर, मग आमचे डागी खडे विकले जातील?"

नाही जाणार. त्यासाठी हिरा अतिशुद्ध लागतो, म्हणजे एकुलता डाग वेगळा उठून दिसतो. तो वायूतून यंत्रात वाढवतात. तशी यंत्रे सुरतेतही आहेत, पण दागिन्यांच्या हिऱ्यांसाठी. आणि त्या स्वस्त हिऱ्यांनीच घंटीवरच्या कित्येकांची झोप उडवली आहे.

त्याचा मुलगा अकरावीला, शास्त्र शाखेत. "त्याला घंटीवर बसवू नकोस," मी म्हणालो. त्याने मान डोलावली. बायको मात्र हिशेबी.

"ते खरं सर," ती म्हणाली, "पण या वर्षी कारखाना दिवाळीनंतर कधी उघडणार, तेच कोणी सांगत नाही."