पाकिटावरचा आकडा आणि लाटेतला मासा

नारळी पौर्णिमा उलटून दर्या शांत होऊ लागला, की हरिहरेश्वरापासून मालवणापर्यंतच्या खडपांवर आणि पुळणींवर जी हौशी गरवणारी मंडळी रॉड-रीळ घेऊन उतरतात, त्यांच्या सरंजामाची किंमत आताशा कित्येक हजारांच्या घरात जाते. आणि तरीही त्या सरंजामाची अखेरची जबाबदारी, म्हणजे लीडरची दोरी आणि गळ लावलेले कृत्रिम आमिष यांना एकत्र राखण्याचे काम, ज्या वस्तूवर सोपवलेले असते ती तारेची इवलीशी क्लिप मात्र दुकानदाराने बरणीतून काढून प्लॅस्टिकच्या पुडीत बांधून दिलेली असते. पुडीवर कधी काही लिहिलेले नसते आणि कधी नुसता एक आकडा असतो: ५० पाउंड. त्या आकड्याला हमीपत्र समजून आपण जो मोठा मासा अंगावर घेतो, त्याच्या बाबतीत तो आकडा फारसा उपयोगी नाही, आणि तो तसा का नाही हे सांगण्यास तो छापणाऱ्याला भाग पाडले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

५० पाउंड म्हणजे सुमारे २२.७ किलो. हा भार सामान्यतः कोरी, नीट मिटलेली क्लिप दोन टोकांना धरून सरळ रेषेत आणि संथपणे ताणली असता ती किती सोसते, एवढेच सांगतो. त्यात असत्य काही नाही. पण न्यायालयात साक्षीदाराने विचारलेल्या प्रश्नाचे तेवढे उत्तर द्यावे आणि न विचारलेल्याविषयी मौन पाळावे, तशी ही साक्ष आहे.

आता लाटेतली हकिकत पाहू. जाणता गरवणारा रीळाचा ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर लावतो, म्हणजे ५० पाउंडांच्या दोरीवर साधारण साडेपाच ते साडेसात किलोंचा ताण आला, की रीळ आपण होऊन दोरी सोडू लागते. शिवाय पाण्यातल्या माशाचे वजन पाणीच तोलून धरते, त्यामुळे दहा किलोंचा जिताडा दोरीवर दहा किलोंनी लोंबत नाही. मग २२ किलोंची म्हणवणारी क्लिप सात किलोंच्या आत उघडते कशी, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ओढण्याच्या बळात नसून बळाच्या दिशेत आहे. जिताडा पृष्ठभागावर येऊन डोके झटकतो, अंगाभोवती दोरी गुंडाळून लोळण घेतो. त्या धांदलीत आमिषाची कडी क्लिपच्या गोल वळणातून सरकून अडकणीच्या बाजूला चढते, आणि जो भार दोन्ही पायांनी मिळून उचलायचा तो एकट्या अडकणीवर, तोही आडवा, येऊन पडतो. अडकण निसटली की तारेचा एकच पाय उरतो, आणि तो सरळ होण्यास फार बळ लागत नाही. हातात परत येते ती तुटलेली क्लिप नव्हे, तर उघडून लांबट झालेली, आणि हे पाहूनही पुष्कळजण गाठीला किंवा नशिबाला दोष देतात. याखेरीज अखेरची दोन मिनिटे असतातच: परतणारी लाट माशाला खेचून नेत असते, गरवणारा घाईने स्पूलवर हात दाबून ड्रॅगचा सारा हिशेब रद्द करतो, आणि खडपावर असला तर गॅफची (मासा वर घ्यायच्या आकड्याची) वाट न पाहता मासा दोरीने उचलू पाहतो. पाणी सुटले की मग माशाचे सगळे वजन, आणि वर त्याच्या फडफडीचे हिसके, त्याच तारेवर येतात. पूर्वीच्या तंगूसाला ताण बसला की तो बराच लांबत असे आणि काही धक्का स्वतः पचवीत असे. आजची ब्रेडेड दोरी जवळजवळ लांबतच नाही, सबब प्रत्येक हिसका जसाच्या तसा टोकाशी पोहोचतो.

क्लिपांच्या जाती पुष्कळ आहेत, पण मोठ्या माशाच्या दृष्टीने त्यांचा निकाल मला तरी अवघड वाटत नाही. पितळी पत्र्याच्या टोपणात तारेचे टोक खोचून मिटवायची जी जुनी आणि स्वस्त जात आहे, ती मुळात लहान मासळीपुरतीच समजावी, कारण तिच्यात तारेआधी पत्रा वाकतो. एकाच तारेची, दोन्ही टोके वाकवून एकमेकींत अडकवायची जात पुष्कळ बरी आहे, मात्र तार जाड असेल तर. या दोहोंहून मला भरवशाची वाटते ती वेढ्याची क्लिप, जिच्यात उघडझाप करणारी अडकणच नसते. आमिषाची कडी तारेच्या वेढ्यातून फिरवून आत घ्यावी लागते, आणि ज्यात दारच नाही ते उघडणार कोठून? अंधारात, ओल्या बोटांनी, गुडघाभर पाण्यात ती लावणे त्रासाचे असते, हे खरे.

यावर काही अनुभवी मंडळी म्हणतात, की क्लिप हवीच कशाला, दोरी थेट आमिषाच्या कडीला गाठावी. या मताविषयी मला आदर आहे, पण ते मला पुरते पटत नाही. प्रत्येक आमिषबदलाला गाठ नव्याने मारावी लागते, लीडर दरवेळी वीतभर आखूड होतो, आणि लाटेचे तोंड चुकवीत घाईने मारलेली गाठ ही चांगल्या क्लिपहून अधिक भरवशाची असते असे कोणी छातीठोकपणे सांगू नये.

लोखंडाला जे गंजाने होते ते स्टेनलेस पोलादाला होत नाही, अशी एक समजूत बाजारात बिनदिक्कत खपवली जाते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांतले क्लोराइड स्टेनलेसच्या संरक्षक थराला टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडते. मॉलिब्डेनम असलेले ३१६ जातीचे पोलाद या माऱ्याला ३०४ पेक्षा अधिक तोंड देते, पण पुडीवर कोणते वापरले हे सहसा लिहिलेले नसते. क्लिपला जोडलेले पितळी स्विव्हल (फिरती कडी) आणि पोलादी तार खाऱ्या पाण्यात एकत्र राहिली, की दोन धातूंची जी रासायनिक कुरबुर सुरू होते ती वेगळीच. त्यात तार जेथे वाकवलेली असते तेथेच वारंवार उघडझाप करून ती आणखी थकलेली असते. भिंगाखाली जुनी क्लिप धरली तर त्या वळणाच्या बाहेरच्या कडेवर केसासारखी आडवी चीर कधी कधी दिसते. ती दिसल्यावर क्लिप पेटीत परत ठेवणे ही शुद्ध हयगय होय.

एवढ्याशा तारेसाठी वर्तमानपत्राची जागा का अडवावी, असे कोणी विचारील. क्लिप उघडली की हौशी माणसाचे महागडे आमिष गेले, एवढ्यावर हे प्रकरण मिटत नाही. जिताडा जन्मतः बहुधा नर असतो आणि वाढत्या वयात मादी होतो. म्हणजे जो प्रचंड मासा तोंडात दोन तिहेरी गळ घेऊन निसटतो तो बहुतेक वेळा अंड्यांनी समृद्ध अशी मादी असते, आणि जबडा अडकलेली ती मादी पुढे शिकार कशी करणार हे सांगायला मत्स्यशास्त्रज्ञ नको. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर, जेथे लाटेत उभे राहून स्ट्राइप्ड बास गरवण्याची मोठी परंपरा आहे, तेथे २०२३ पासून खुल्या समुद्रकाठच्या हौशी मच्छिमारांना ३१ इंचांहून मोठा बास ठेवण्यास मनाई आहे. मोठा मासा आणून सोडायचाच असेल, तर तो गळासकट पळू न देणारी क्लिप हा त्या नियमाचाच भाग मानला पाहिजे. आपल्याकडे तसा नियम नाही, म्हणून ही जबाबदारी कमी होत नाही.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. पाच औंसांचे, म्हणजे सुमारे १४० ग्रॅमचे शिसे पूर्ण ताकदीने फेकताना दर औंसाला दहा पाउंड या हिशेबाने निदान ५० पाउंडांचा लीडर बांधावा, असा जगभरच्या पुळण-मच्छिमारांचा दंडक आहे. पण शिसे ज्या क्लिपला टांगले तीच फेकीच्या झोक्यात उघडली तर दोरी कितीही दणकट असून उपयोग नाही, आणि रविवारच्या गर्दीच्या किनाऱ्यावर ते शिसे कोणाच्या डोक्याला लागेल याचा जामीन कोणी राहू शकत नाही.

खातरजमा घरी करता येते. क्लिपला जाड कडी अडकवून तिला पाण्याने भरलेली पंधरा लिटरची बादली टांगावी, आणि चेहरा बाजूला ठेवून ती हळूहळू उचलावी. नंतर भार उतरवून क्लिपचा आकार कोऱ्या क्लिपशी ताडून पाहावा. हाच प्रयोग अडकण उघडी ठेवून, अर्ध्या बादलीने करावा, म्हणजे पुडीवर न छापलेला दुसरा आकडा आपोआप कळतो. क्लिपच्या आकाराच्या क्रमांकावर मात्र विसंबू नये, कारण एका कारखान्याचा ३ क्रमांक दुसऱ्याच्या ३ एवढा असेलच असे नाही, आणि स्विव्हलमध्ये तर पुष्कळदा क्रमांक वाढला की आकार लहान होतो.

परंतु हे काम ग्राहकानेच का करावे? वेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनी पाकिटावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, नगांची संख्या आणि कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक केले आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाच्या उत्तरदायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. आयातदारांनी याच्या जोडीला तारेची जाडी, पोलादाची जात आणि उघड्या अवस्थेतला भार हे तीन तपशील छापावेत; त्यांना खर्च शाईपुरताच येईल. तोवर ज्या पुडीवर नाव-पत्ता नाही ती वाचकांनी दुकानदारास तेथल्या तेथे परत करावी.