हार्ड डिस्क सांभाळा, पण तिच्यावर विसंबू नका

निकालाचे दिवस आले की स्टाफरूममध्ये आणि पालकांकडूनही एक प्रश्न हमखास कानावर येतो. "सर, कॉम्प्युटर गेला तर गेला, पण आतले फोटो आणि कागद मिळतील ना?" कॉम्प्युटर बाजारात पुन्हा मिळतो. बहिणीच्या निकाहचे चित्रीकरण किंवा वारलेल्या दादीचा रेकॉर्ड केलेला आवाज बाजारात मिळत नाही.

हे सारे ज्या हार्ड डिस्कमध्ये असते, ती आतून कशी असते हे कळले तर अर्धी काळजी आपोआप घेतली जाते. आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क १९५६ मध्ये आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या आणि त्यावर मावत होती जेमतेम पन्नास लाख अक्षरे. आज मोबाइलच्या एका फोटोलाही तेवढी जागा लागू शकते. डिस्क आता तळहाताएवढी झाली, पण मूळ रचना तीच आहे. तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि माहिती वाचणारे डोके तिच्यावर हवेच्या थरावर तरंगते. मधले अंतर केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी असते. चालू कॉम्प्युटरला धक्का बसला की ते डोके तबकडीला घासते, आणि तिथे ओरखडा उमटला की तिथली माहिती कायमची गेली.

म्हणून सीपीयू मुलांच्या पायांत येईल असा जमिनीवर ठेवू नका. लॅपटॉप चालू असताना या खोलीतून त्या खोलीत नेण्याची सवयही सोडा. वीज वारंवार जाणाऱ्या गावात यूपीएस ही चैन नव्हे. फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली तर डिस्कवरच्या फाइलींचा हिशोबच बिघडतो. दहा मिनिटे पुरतील एवढा साधा यूपीएसही व्यवस्थित बंद करायला पुरे. आणि चालू सीपीयूवर झालरीचे कव्हर घालून ठेवणाऱ्यांना काय सांगावे! ते कव्हर बंद केल्यावर घालायचे असते.

उष्णता हाच डिस्कचा मोठा शत्रू असे दुकानदार सांगतात. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कची पाहणी प्रसिद्ध केली. मध्यम उष्णतेचा आणि डिस्क बिघडण्याचा म्हणावा तसा संबंध तीत आढळला नाही. मात्र तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट जास्त निघाली. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा मोफत प्रोग्राम ती नोंद वाचून 'गुड', 'कॉशन' किंवा 'बॅड' असे सांगतो. महिन्यातून एकदा पाहावे. 'कॉशन' दिसले तर आधी माहिती दुसरीकडे उतरवा, मग दुरुस्तीचे बघा. पण त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बंद पडलेल्या डिस्कपैकी एक तृतीयांशाहून जास्त डिस्कच्या नोंदींत उष्णता सोडली तर कोणतीच पूर्वसूचना नव्हती. चांगली चालणारी डिस्क उद्या सकाळी गप्प बसू शकते. मग उरते फक्त दुसरी प्रत.

आणि दुसरी प्रत आहे असे समजणे व ती खरोखर असणे यांतही अंतर आहे. 'टॉय स्टोरी २' हा मुलांचा चित्रपट १९९९ साली आला. तो तयार होत असताना पिक्सार कंपनीत एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या. बॅकअपची व्यवस्था होती, पण ती नीट चालत नव्हती आणि ते कोणी तपासलेच नव्हते. गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाई बाळंतपणामुळे घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर चित्रपटाची एक प्रत होती. तो कॉम्प्युटर चादरींत गुंडाळून मोटारीतून कचेरीत नेला, तेव्हा काम वाचले. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपण बॅकअप घेतल्यावर त्यातल्या चार फाइली उघडून पाहायला नकोत का?

घरासाठी व्यवस्था साधी आहे. मूळ माहिती कॉम्प्युटरवर, एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक प्रत घराबाहेर. बाहेरची डिस्क काम झाले की काढून ठेवा. कायम जोडलेली असेल, तर खंडणी मागणारा व्हायरस कॉम्प्युटरबरोबर तिलाही कुलूप लावतो. घराबाहेरची प्रत कशाला, असे वाटेल. जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडच्या घरांत पुराचे पाणी शिरले. अशा वेळी टेबलावरचा कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातली डिस्क एकाच पाण्यात जातात. कोकणातल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी मुंबईला किंवा आखातात असतेच. एक डिस्क मामूंच्या कपाटात राहू द्या. इंटरनेटवरची जागाही चालेल, पण गूगलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि ती ईमेल, फोटो व फाइली मिळून आहे. शिवाय मोबाइलमधून पुसलेला फोटो बहुधा तिथूनही पुसला जातो, म्हणून तेवढ्यावर भागत नाही. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक, साठवणीला नको.

उर्दू शाळांतल्या सहकाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. जुन्या 'इनपेज'मधल्या प्रश्नपत्रिका, किंवा जुन्या मराठी फॉन्टमधले लेख, डिस्क धडधाकट असली तरी उद्या वाचता येणार नाहीत. ते सॉफ्टवेअर ज्या कॉम्प्युटरवर आहे तो चालू आहे तोवर त्यांची पीडीएफ करून घ्या, जमल्यास युनिकोडमध्येही उतरवा.

डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला तर कॉम्प्युटर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघितल्याने ओरखडे वाढतात. ती घरी उघडू नका, हवेतली धूळच तिला पुरेशी आहे. चुकून फाइल पुसली गेली असेल तर त्या डिस्कवर नवे काही उतरवू नका. माहिती परत आणणारा प्रोग्रामसुद्धा नाही, कारण तो नेमका त्याच जागेवर बसू शकतो. नव्या लॅपटॉपमधल्या एसएसडीत फिरणारी तबकडी नसते. त्यामुळे धक्क्याची भीती कमी, पण पुसलेली फाइल परत मिळण्याची आशाही फार कमी. एसएसडी वर्षानुवर्षे विजेविना कपाटात पडून राहिली तर तिच्यातली माहिती विरत जाऊ शकते. म्हणून मामूंकडे ठेवायची ती जुन्या पद्धतीची डिस्क, आणि वर्षातून एकदा, ईदला सगळे जमतात तेव्हा, ती जोडून नवे फोटो त्यात भरून घ्यावेत.