गोळ्या झेलणारी पाटी

साऱ्या जगाला मानवाधिकारांची प्रवचने देणाऱ्या अमेरिकेत २०१९ साली इतिहासाची एक पाटी चक्क गोळीरोधक पोलादाची घडवावी लागली. वजन पाचशे पौंडांहून अधिक! मिसिसिपी राज्यातील टॅलाहाची नदीकाठची ही पाटी कोणा सेनापतीची नव्हे. एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा मृतदेह १९५५ साली या नदीतून काढला गेला, एवढेच ती सांगते. २००८ साली लावलेली पहिली पाटी चोरीला गेली. दुसरीची गोळ्यांनी चाळण झाली. जून २०१८ मध्ये लावलेल्या तिसरीवर अवघ्या पस्तीस दिवसांत गोळ्या झाडल्या गेल्या. त्या जखमी पाटीपुढे बंदुका घेऊन हसतमुखाने छायाचित्र काढून घेणारे तीन तरुण विद्यापीठात शिकणारे होते, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. अडाणीपणाच्या पांघरुणाखाली हे पाप झाकता येणार नाही.

टिलच्या मारेकऱ्यांना सर्व गोऱ्या ज्यूरीने तासाभराच्या विचारविनिमयानंतर निर्दोष ठरवले. पुढच्याच वर्षी त्यांनी एका मासिकातून खुनाची कबुली दिली, तरी कायदा त्यांच्या केसालाही धक्का लावू शकला नाही. झुंडबळींविरुद्धचे पहिले विधेयक अमेरिकी संसदेत १९०० साली मांडले गेले; त्याचा कायदा झाला २०२२ साली.

सत्य सांगणाऱ्या पाटीची ही कथा. आता असत्य सांगणाऱ्या पाटीचे भाग्य पाहा. लुईझियाना राज्यात कोलफॅक्स नावाचे लहानसे गाव आहे. १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, तेथील न्यायालयाची इमारत राखून बसलेल्या कृष्णवर्णीयांवर सशस्त्र गोऱ्यांनी हल्ला चढवला. कित्येकांना शरण आल्यानंतर ठार मारले. जे थोडे आरोपी दोषी ठरले, त्यांनाही सर्वोच्च न्यायालयाच्या १८७६ च्या निर्णयाने मोकळे केले. पुढे १९५० साली राज्य सरकारनेच तेथे पाटी उभारली. तिच्यावर या संहाराचे नाव काय? ‘कोलफॅक्सची दंगल’! तीन गोरे आणि दीडशे कृष्णवर्णीय मेल्याचा आकडा देऊन पाटी पुढे बजावत होती, की या घटनेने दक्षिणेतील उपऱ्यांचे कुशासन संपले. म्हणजे कत्तल ही जणू राज्यकारभारातील सुधारणाच! ही पाटी सात दशके सुखेनैव उभी होती. तिला गोळीरोधक पोलादाची गरज कधी भासली नाही. २०२१ साली ती हटली आणि २०२३ च्या स्मृतिदिनी मृतांची नावे कोरलेले नवे स्मारक उभे राहिले.

ग्रंथालयाची पायरी न चढणारा खेडूतही रस्त्याकडेची पाटी वाचतो आणि त्यावर सरकारी मोहोर असल्यामुळे ती खरी मानतो. म्हणूनच शब्दाचे महत्त्व. ‘दंगल’ म्हटले की दोष दोघांत वाटला जातो. ‘हत्याकांड’ म्हटले की मारणारा उघडा पडतो. हे ओळखून दीर्घकाळ चिकाटीने झुंजणाऱ्या तेथील कृष्णवर्णीय समाजाला दाद दिलीच पाहिजे.

आपल्याकडील पुरोगामी मंडळीही ती देतात. मात्र १८५७ च्या समराला ‘शिपायांचे बंड’ का म्हणावे, असे कोणी विचारले, की हीच मंडळी इतिहासाच्या ‘पुनर्लेखना’च्या नावाने गळा काढतात. दक्षिण अमेरिकी संस्थानांत जो न्याय, तो दिल्लीत आणि मीरतेत अन्याय कसा ठरतो? स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९०९ च्या ग्रंथात केले ते हेच. परक्याने ठोकलेली पाटी त्यांनी उपटली. ग्रंथ प्रकाशित होण्यापूर्वीच इंग्रजांनी त्यावर बंदी घातली. एका नावाची त्यांना केवढी धास्ती! आणि २०२० साली भारताला ‘विशेष चिंतेचा देश’ ठरवण्याची शिफारस करणाऱ्या अमेरिकी आयोगाच्या सदस्यांनी सवड काढून टॅलाहाचीच्या काठी एकदा जाऊन यावे.

जाता जाता आपल्याकडचा एक दाखला. दिल्लीच्या टेकडीवर इंग्रजांनी १८५७ च्या विजयाचे स्मारक बांधले. त्यावर आपले वीर ‘शत्रू’ म्हणून कोरलेले आहेत. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ साली, भारताने ते पाडले नाही की त्यावर गोळ्या झाडल्या नाहीत. त्याचे नाव अजितगड ठेवले आणि शेजारी नवा शिलालेख बसवला: या दगडावर ज्यांना शत्रू म्हटले आहे, ते परकीय सत्तेविरुद्ध राष्ट्राच्या मुक्तीसाठी शौर्याने लढलेले लोक होते. दोन्ही लेख तेथे वाचायला मिळतात.