९ वर्षांची ब्रेझा: विकायची की ठेवायची?

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला आणि आमच्या घरात वाद सुरू झाला. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आता तरी जुनी काढ!" जुनी म्हणजे २०१६ची डिझेल विटारा ब्रेझा. १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत, पुण्याहून कोकणातल्या गावी जाऊन येऊन. शेवटी एका रविवारी मोबाईलवर हिशोब मांडला.

कपात नेमकी किती?

४ मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर आधी २८% जीएसटी आणि १% सेस होता. आता सरळ १८%. म्हणजे १० लाखांची गाडी साधारण ९ लाख १५ हजारांना पडते. बचत खरी आहे. पण आजची पेट्रोल ब्रेझा या गटात बसत नाही. तिचं इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून तिला ४०% लागतो. जाहिरात बघून शोरूमला जाण्याआधी सीसी तपासा.

महिन्याचं काय?

जुनी विकून डाउन पेमेंट भरलं, तरी ८ लाखांचं कर्ज उरतं. ९% व्याज, ५ वर्षं: हप्ता सुमारे १६,६००. वर्षाला जवळपास २ लाख. जुनीवर गेल्या ३ वर्षांत क्लच, टायर, सर्व्हिस धरून वर्षाला सरासरी ३५ हजार गेले.

इंधनाचंही बघू. वर्षाला १२ हजार किलोमीटर, डिझेल ९० रुपये, मायलेज १८: खर्च ६० हजार. पेट्रोल १०४ रुपये, मायलेज १४: ८९ हजार. शिवाय इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, त्यामुळे ई२०ची चिंता मला नाही.

५ वर्षांनी हातात नवी गाडी उरते, हे मान्य. पण ८५ हजार वाचवायला १० लाख काढायचे, हे काही मला पटेना.

ही गाडी टिकली कशी?

नशिबापेक्षा इंजिनामुळे. हेच १२४८ सीसीचं डिझेल इंजिन स्विफ्ट, डिझायर, अर्टिगामध्येही होतं. एप्रिल २०२०ला बीएस-६ आलं आणि मारुतीने डिझेल बंद केलं, तरी तालुक्याच्या गॅरेजमध्येही याचा मेकॅनिक आणि पार्ट मिळतो. गाडी वर्षानुवर्षं वापरायची तर हे टचस्क्रीनपेक्षा महत्त्वाचं. मी इंजिन ऑइल मात्र कधी लांबवलं नाही.

मग विकायची कधी?

भावाचा एक मुद्दा मला खोडता आला नाही. माझ्या गाडीत २ एअरबॅग, नव्यांत ६. आई मागे बसते आणि घाटात समोरून ट्रक येतो, तेव्हा हा फरक पैशात मोजता येत नाही. दुसरं, खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे माझी २०३१पर्यंत. पुढे फिटनेस तपासणी, ५ हजार फी आणि वर पर्यावरण कर. दिल्ली परिसरात तर डिझेलला १० वर्षांचीच मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे तिकडे राहणाऱ्यांचं गणित वेगळं.

आमचं ठरलंय: अजून ३ वर्षं हीच गाडी, आणि हप्त्यातले निम्मे, महिना ८ हजार, आरडीत. ३ वर्षांत व्याज सोडूनही २ लाख ८८ हजार होतात. नवी घेऊ तेव्हा कर्ज तेवढं कमी.

तुम्हीही एमपरिवहन ॲपमध्ये आरसीची मुदत बघा, गेल्या ३ वर्षांची बिलं जोडा, मगच शोरूमची पायरी चढा. फोन दर २ वर्षांनी बदलतो, म्हणून गाडीही बदललीच पाहिजे असं थोडंच आहे?